शून्य बाइट मागितले तर काय मिळावे? सी भाषेतील एका अर्धवट तहाची कहाणी

१/ इतिहास म्हटला की तह, सनदा आणि बखरी डोळ्यांसमोर येतात. परंतु ज्या यंत्रावर आपण हा धागा वाचत आहात, त्याच्या पोटातही काही तह दडलेले आहेत. आज त्यांपैकी एकाविषयी. प्रश्न एका ओळीचा आहे: सी या संगणकभाषेत एखाद्या प्रोग्रॅमने "मला शून्य बाइट जागा द्या" अशी मागणी केली, तर त्याला काय मिळावे? १९८९ मध्ये या प्रश्नाचे उत्तर जाणूनबुजून मोकळे ठेवण्यात आले. त्याच प्रश्नाच्या एका भावंडाने ३० वर्षांनी थेट व्हॉट्सॲपला गाठले.

२/ आधी थोडी पार्श्वभूमी. प्रोग्रॅमला किती मेमरी लागेल, हे पुष्कळदा तो चालू झाल्यावरच कळते. तेव्हा तो 'मॅलॉक' नावाच्या फंक्शनकडे जातो आणि सांगतो, "मला अमुक इतके बाइट हवेत." मॅलॉक मोकळी जागा शोधून तिचा पत्ता देतो, या पत्त्याला पॉइंटर म्हणतात. काम संपले की 'फ्री' या फंक्शनने जागा परत करायची. जागाच शिल्लक नसेल, तर मॅलॉक 'नल' देतो. नल म्हणजे कोणत्याही जागेकडे न नेणारा पत्ता. हा 'नल' लक्षात ठेवा. पुढचा सारा घोळ त्याच्याभोवती आहे.

३/ शून्य बाइट कोण कशाला मागेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. जाणूनबुजून कोणी मागत नाही. पण समजा, एक प्रोग्रॅम फाइलमधील नोंदी मोजतो, त्या संख्येला एका नोंदीच्या आकाराने गुणतो आणि तेवढी जागा मागतो. एके दिवशी फाइल रिकामी निघते. संख्या शून्य, गुणाकार शून्य, मागणीही शून्य. शोधाला काही न सापडणे, यादीतील शेवटचे नाव खोडले जाणे, अशा साध्या प्रसंगांतून ही मागणी आपोआप उद्भवते.

४/ तिला दोन उत्तरे संभवतात. बँकेचे उदाहरण घेऊ. एकाच्या नावे खाते आहे, पण शिल्लक शून्य. दुसऱ्याच्या नावे खातेच नाही. दोघांकडेही पैसा नाही, तरीही दोघांची स्थिती एक नव्हे. त्याचप्रमाणे मॅलॉक एक खरा पत्ता देऊन म्हणू शकतो, "ही तुमची जागा, फक्त तिची लांबी शून्य आहे." किंवा नल देऊन म्हणू शकतो, "काही मागितलेच नाही, तर देऊ काय?" दोन्ही उत्तरे तर्काला धरून आहेत. इतिहासात दोन्ही दिली गेली.

५/ आता मूळ स्थळी जाऊ. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, मरे हिल येथील बेल प्रयोगशाळा. १९७० च्या दशकाच्या आरंभी डेनिस रिची यांनी केन टॉम्प्सन यांच्या 'बी' भाषेतून 'सी' भाषा घडवली. त्यांच्या हाताशी पीडीपी-११ हे यंत्र होते. त्याचे पत्ते १६ बिटांचे, म्हणजे एका पत्ता-अवकाशात फार तर ६४ किलोबाइट. अशा तुटपुंज्या जागेत प्रत्येक बाइट मोलाचा होता, आणि ग्रंथालयातील फंक्शने आखूड व साधी ठेवणे ही गरज होती.

६/ १९७८ मध्ये ब्रायन कर्निघन आणि डेनिस रिची यांचे सी भाषेवरील सुप्रसिद्ध पुस्तक आले. त्याच्या आठव्या प्रकरणात मेमरी-वाटपाचा एक छोटा नमुना आहे. त्याची रीत अशी: दिलेल्या प्रत्येक तुकड्याच्या आधी एक 'हेडर' ठेवायचा आणि त्यात तुकड्याचा आकार नोंदवायचा. मागणीतील बाइट हेडरच्या आकाराच्या पटीत वर न्यायचे आणि खुद्द हेडरसाठी एक एकक मिळवायचे. या सूत्रात शून्य घालून पाहा. उत्तर येते १: केवळ हेडर, त्यामागे जागा मुळीच नाही.

७/ तरीही पत्ता मिळतो! हेडरच्या लगेच पुढचा पत्ता. तेथे शेजारच्या तुकड्याचा हेडर असू शकतो. म्हणजे शून्य बाइटांच्या या 'जागेत' कोणी चुकून लिहिलेच, तर तो शेजाऱ्याच्या खातेवहीत खाडाखोड करील. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, शून्याला नल नसलेले उत्तर मिळण्यासाठी कोणा तत्त्वज्ञाची आवश्यकता नव्हती. शून्यासाठी वेगळी अट लिहिली नाही, तर अशा सूत्रातून तेच उत्तर आपोआप बाहेर पडत होते.

८/ १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये मॅलॉक होताच. १९८२ मध्ये कॅलटेक येथे क्रिस किंग्जली यांनी लिहिलेला वेगवान मॅलॉक पुढे बर्कलीच्या युनिक्समधून सर्वत्र गेला. तो प्रत्येक मागणी हेडरसह दोनच्या घातापर्यंत वाढवत असे; त्यामुळे शून्यालाही सर्वांत लहान खण मिळे. इकडे एटी अँड टी कंपनीच्या सिस्टिम फाइव्ह युनिक्सच्या परंपरेत मात्र शून्याला नल देण्याची रीत रूढ झाली. एकाच मुळाच्या दोन शाखा, दोन वेगळे रिवाज.

९/ यात बिघडले कोठे? प्रोग्रॅम एका शाखेवरून दुसरीकडे नेल्यावर. बर्कलीच्या युनिक्सवर लिहिलेला प्रोग्रॅम नल दिसताच "मेमरी संपली" असा संदेश देऊन बंद पडत असेल, तर शून्याला नल देणाऱ्या यंत्रावर तोच प्रोग्रॅम रिकामी फाइल उघडताच बंद पडेल. मेमरी तर मुबलक असेल! दोष ना प्रोग्रॅमरच्या हेतूत, ना यंत्रात. 'नल' या एकाच खुणेवर दोन अर्थ लादले गेले होते: "देता आले नाही" आणि "देण्यासारखे काही नव्हते".

१०/ १९८३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने सी भाषेसाठी समिती नेमली. तिचे नाव एक्स३जे११. नवी भाषा रचणे हे तिचे काम नव्हते. प्रचलित व्यवहार एकत्र करून लेखी स्वरूप देणे हे होते. ग्रंथालयाच्या भागासाठी युनिक्स वापरकर्त्यांच्या एका संघटनेचे १९८४ चे मानक आधाराला घेतले गेले. समितीचे एक तत्त्व असे की, लोकांनी लिहून ठेवलेले प्रोग्रॅम महत्त्वाचे, विशिष्ट कंपनीचा कंपाइलर नव्हे. शून्याच्या प्रश्नात मात्र दोन्ही बाजूंना लिहिलेले प्रोग्रॅम होते.

११/ समितीने आपल्या निर्णयांमागील कारणे एका स्वतंत्र टिपणात नोंदवली, हे अभ्यासकांचे भाग्य. त्यात हा वाद स्पष्ट दिसतो. खरा पत्ता दिल्यास 'काहीच नाही' आणि 'शून्य' यांतील भेद टिकतो, हे समितीने मान्य केले. परंतु तसे केल्यास शून्य लांबीची वस्तू ही कल्पना भाषेत आणावी लागते. सी भाषेत शून्य घटकांचा ॲरे घोषित करता येत नाही. मग अशी वस्तू केवळ मॅलॉकच्याच दारातून जन्माला येणार! ही विसंगती समितीला मानवली नाही.

१२/ म्हणून शून्य लांबीच्या वस्तूची कल्पना समितीने नाकारली. आता तार्किक शेवट असा व्हायला हवा होता की, शून्याला सर्वत्र नलच मिळावा. तसे झाले नाही. १९८९ च्या मानकात लिहिले गेले की, मागणी शून्य असल्यास काय करायचे ते ज्याने त्याने आपल्या प्रणालीपुरते ठरवावे: एक तर नल द्यावा, नाही तर इतर कशाशी न जुळणारा वेगळा पत्ता द्यावा. तत्त्वात एका पक्षाचा जय झाला, व्यवहारात दोघांनाही आपापला मुलूख राखता आला.

१३/ याला दुबळेपणा म्हणावे काय? तसा निवाडा घाईचा ठरेल. एकच उत्तर सक्तीचे केले असते, तर दुसऱ्या बाजूचे चालते प्रोग्रॅम एका रात्रीत नियमबाह्य झाले असते. शिवाय दोन्ही पत्ते 'फ्री'ला निर्धास्त देता येतात, कारण फ्रीने नल आला तर काही करू नये, हेही त्याच मानकाने ठरवले. मिळालेल्या पत्त्यावर काही लिहू-वाचू नये, एवढे पथ्य पाळले की दोन्ही रिवाज सुखाने नांदतात. १९९० मध्ये हेच मानक आंतरराष्ट्रीय झाले.

१४/ पुढे प्रत्येकाने आपला मार्ग निवडला. लिनक्सवरील ग्नू ग्रंथालय शून्याला खरा पत्ता देते. ६४ बिटांच्या यंत्रावर त्यासाठी ३२ बाइटांचा तुकडा खर्ची पडतो, कारण त्याहून लहान तुकडा तेथे नसतोच. म्हणजे 'शून्य' हे फुकट नाही! मायक्रोसॉफ्टचे ग्रंथालयही वैध पत्ता देते. आयबीएमच्या एआयएक्समध्ये मात्र नल मिळतो. लिनक्ससारखे वर्तन हवे असेल, तर कंपाइल करताना तशी वेगळी खूण द्यावी लागते.

१५/ बर्कलीच्या वंशजांकडे पाहा. पॉल-हेनिंग काम्प यांनी फ्रीबीएसडीसाठी लिहिलेल्या मॅलॉकमध्ये शून्याला पत्ता मिळे, पण 'व्ही' या अक्षराचा पर्याय चालू केला की नल मिळू लागे. हा पर्याय सिस्टिम फाइव्हशी जुळवून घेण्यासाठी होता. जुन्या भाऊबंदकीची खूणच ती. ओपनबीएसडीने त्याहून कडक वाट धरली: शून्याला मिळणारा पत्ता संरक्षित पानावरचा असतो. त्याला स्पर्श करताच प्रोग्रॅम तत्क्षणी बंद पडतो आणि चूक लपून राहत नाही.

१६/ मध्ये अडकलेल्या सामान्य प्रोग्रॅमरांनी काय केले? ग्नू प्रकल्पातील एका साहाय्यक ग्रंथालयाने साधा तोडगा योजला: मागणी शून्य असेल, तर ती १ समजायची. ऑटोकॉन्फ या साधनात तर "या यंत्रावर मॅलॉक शून्याला काय देतो?" हे तपासणारी स्वतंत्र चाचणी आहे. उत्तर नल आल्यास ते मॅलॉकच्या जागी 'आरपीएल-मॅलॉक' हे पर्यायी नाव योजते. एका यंत्रावर बसून दुसऱ्यासाठी प्रोग्रॅम बांधणाऱ्या कित्येकांनी या नावाचा 'सापडत नाही' हा त्रोटक संदेश पाहिला असेल. त्याचे मूळ १९८९ च्या या तहात आहे.

१७/ सी प्लस प्लस भाषेने येथे वेगळा निर्णय घेतला. तिच्या 'न्यू'कडे शून्य बाइट मागितले आणि मागणी यशस्वी झाली, तर उत्तर नल असता कामा नये, असा तिचा नियम आहे. पर्याय ठेवलाच नाही. भावंडभाषांनी एकाच प्रश्नावर दोन भूमिका घेतल्या, याचे कारण उघड आहे: सी भाषेच्या समितीसमोर परस्परविरोधी जुन्या वहिवाटींचे ओझे होते, सी प्लस प्लसला आपल्या 'न्यू'ची वहिवाट स्वतः घालता आली.

१८/ २००७ मध्ये हाच प्रश्न लिनक्सच्या गाभ्यात उपस्थित झाला. तेथील 'के-मॅलॉक'ने शून्याला काय द्यावे? खरा तुकडा दिला, तर त्यात चुकून लिहिणारी चूक पकडली जात नाही. नल दिला, तर मागणाऱ्याला वाटते की मेमरी संपली. अखेर तिसरा मार्ग काढला गेला: १६ हा ठरीव पत्ता. तो नल नाही, म्हणून अपयशाचा भास होत नाही. तो पहिल्या पानात येतो, जेथे सहसा काहीच नसते. म्हणून स्पर्श होताच बिघाड उघड होतो.

१९/ हा तोडगा चतुर आहे, पण त्यालाही किंमत आहे: शून्याच्या सगळ्या मागण्यांना एकच पत्ता मिळतो. १९८९ च्या मानकाला अपेक्षित असलेला वेगळेपणा येथे उरत नाही. गाभा हा मानक ग्रंथालयाच्या बाहेरचा प्रदेश असल्याने त्याला ती मुभा होती. ध्यानात घ्यावे ते हे: अपयशासाठी एक खूण आणि शून्यासाठी दुसरी खूण, ही वाटणी येथे प्रथमपासून स्पष्ट करून टाकली गेली. मॅलॉकच्या मूळ करारात तीच राहून गेली होती.

२०/ येथवरचा घोळ त्रासदायक होता, घातक क्वचितच. घात झाला तो 'रिअलॉक'मध्ये. हे फंक्शन जुन्या तुकड्याचा आकार बदलते. नवी जागा न मिळाल्यास ते नल देते आणि जुना तुकडा तसाच जिवंत ठेवते. मग नवा आकार शून्य दिला तर? १९८९ च्या मानकाने सांगितले होते: जुना तुकडा मुक्त होतो. १९९९ च्या सुधारित आवृत्तीत मात्र ते वाक्यच उरले नाही. वाक्य गेले, पण त्यावर विसंबलेले प्रोग्रॅम आणि ग्रंथालये राहिली.

२१/ आता संदिग्धता पाहा. ग्नू ग्रंथालय रिअलॉकला शून्य मिळताच जुना तुकडा मुक्त करते आणि नल देते. मायक्रोसॉफ्टचेही तसेच. बर्कली परंपरेत जुना तुकडा मुक्त होऊन एक नवा लहान तुकडा मिळतो. म्हणजे नल हाती आला, तर त्याचा अर्थ "जागा मिळाली नाही, जुना तुकडा शाबूत आहे" असाही होतो आणि "जुना तुकडा गेला" असाही. पहिला अर्थ घेऊन जुना तुकडा पुन्हा मुक्त केला, तर एकच जागा दोनदा मुक्त होते.

२२/ २०१९ मध्ये नेमके हेच घडू शकते, हे दिसून आले. अँड्रॉइडवरील व्हॉट्सॲप गिफ चित्रे दाखवण्यासाठी एक मुक्तस्रोत ग्रंथालय वापरत असे. गिफमध्ये एकामागून एक चौकटी असतात. एका संशोधकाने दाखवले की, पहिली चौकट मोठी आणि पुढच्या चौकटींचा आकार शून्य अशी गिफ बनवता येते. ग्रंथालय रिअलॉकच्या जातीच्या फंक्शनकडे शून्य आकार मागे. जुनी जागा मुक्त होई आणि नल परत येई. ग्रंथालय समजे, "मेमरी अपुरी पडली", आणि मुक्त झालेला जुना पत्ताच जपून ठेवी.

२३/ पुढच्या फेरीत तोच पत्ता पुन्हा मुक्त केला जाई. दोनदा मुक्त झालेली जागा अँड्रॉइड पुढच्या दोन मागण्यांना एकाच वेळी देऊन टाकी. एकच खोली दोन भाडेकरूंना दिल्यासारखे. त्यांतील एक भाडेकरू हल्लेखोराच्या चित्रातील माहिती, दुसरा असा तपशील ज्यात पुढे कोणते फंक्शन चालवायचे त्याचा पत्ता होता. पहिल्याने दुसऱ्याची नोंद बदलली की फोनमधील ॲपचा ताबा जाण्याची वाट मोकळी. फोनधारकाने केवळ व्हॉट्सॲपमधून आपली चित्रांची गॅलरी उघडणे पुरे होते. २.१९.२४४ या आवृत्तीत ही फट बुजवली गेली.

२४/ मानककर्तेही स्वस्थ नव्हते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीत रिअलॉकला शून्य देण्याची रीत कालबाह्य ठरवण्यात आली. पुढच्या, सी-२३ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीत ते थेट 'अपरिभाषित वर्तन' ठरले. म्हणजे असे केल्यास काय होईल, याची हमी भाषा यापुढे देत नाही. वेगवेगळ्या वहिवाटी इतक्या मुरल्या होत्या की, एक निवडण्याऐवजी तो रस्ताच बंद करणे समितीला पत्करावे लागले. मॅलॉकच्या शून्याविषयीचा मूळ तह मात्र आजही लागू आहे.

२५/ जे सी भाषा शिकत आहेत, त्यांच्यासाठी व्यवहारातील सार एवढेच: जागा मागण्यापूर्वी आकार शून्य आहे का, ते स्वतः तपासावे. शून्य असेल, तर जुना तुकडा 'फ्री'ने सोडावा आणि पॉइंटरमध्ये स्वतःच नल ठेवावा. नल पाहून अपयशाचा निष्कर्ष काढताना आपण किती मागितले होते, तेही पाहावे. ज्या प्रश्नाचे उत्तर यंत्रागणिक बदलते, तो प्रश्न यंत्राला विचारूच नये.

२६/ आणि इतिहासाच्या अभ्यासकांसाठी? तांत्रिक मानके नियमांच्या निर्जीव याद्यांसारखी भासतात, पण त्या तडजोडीच्या सनदा असतात. "ज्याने त्याने ठरवावे" असे वाक्य जेथे आढळेल, तेथे थांबावे. तेथे कधीकाळी दोन पक्ष समोरासमोर बसले होते, दोघांच्याही पाठीशी चालते प्रोग्रॅम होते आणि कोणालाही पूर्ण हरवणे परवडणारे नव्हते. समितीने त्या दिवशी शांतता राखली. हिशेब पुढच्या पिढीकडे गेला. तहाचा मजकूर वाचताना त्यात काय लिहिले आहे याबरोबर काय लिहायचे टाळले आहे, तेही वाचावे. धागा येथे पूर्ण होतो. शंका असल्यास खाली अवश्य विचारा.